शरदभाऊंचं पॅनल

चार माणसं एकाच शेडमध्ये काही वर्षं खटपट करत राहिली, की काम पुढं सरकतं हळू आणि किस्से साचतात भराभर. पत्रा कापताना खाली चुरा पडतो ना, तसंच. तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, आणि एखाद्या दिवशी झाडू मारायला घ्यावं तर पाटीभर निघतो!

मी देऊळगाव राजात शेतातल्या मोटारींचे स्टार्टर पॅनल बनवतो. पण लग्नात भेटलेला माणूस असो की बसस्टँडवर भेटलेला, मोटारीचं कुणी विचारत नाही. "काय प्रकाशभाऊ, ते विमान उडालं का मंग?" एवढंच विचारतात.

तर ते विमान. शरदभाऊ हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आले. तिथं ते विमानातली यंत्रं दुरुस्त करायचे. इथं आल्यावर शेतातल्या शेडमध्ये त्यांनी दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान स्वतःच्या हातानं बांधायला घेतलं. सलीमभाई अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवतात, ते पत्र्याच्या कामाला आले. मी वायरिंगला. आणि चौथ्या निर्मलावहिनी, शरदभाऊंच्या पत्नी. "माहा याच्याशी काई संबंध नाई," असं म्हणत त्या रोज शेडमध्ये यायच्या!

पण आमचे बहुतेक किस्से विमानाचे नाहीतच. ते आहेत पॅनलचे. पॅनल म्हणजे पायलटच्या समोरची पाटी. वेग, उंची, इंजिनचं तापमान दाखवणारे काटे आणि सगळी बटणं तिच्यावर असतात. पुढून पाहिलं तर देखणी. मागून पाहिलं तर नुसतं वायरींचं आणि नळ्यांचं जंगल.

*

पहिलं पॅनल शरदभाऊंनी चांगलं घट्ट ठोकून बसवलं होतं. त्याच्या मागं काही बिघडलं तर एकच उपाय होता. पाय सीटवर वर टाकायचे, पाठीवर झोपायचं आणि डोकं खाली, पायानं दाबायच्या पेडलजवळ घालायचं. धडधाकट माणसाचाही घाम निघेल असा प्रकार. त्यात शरदभाऊ मोटारसायकलवरून पडलेले, कंबरेचे मणके दबलेले. डॉक्टरांनी वाकायलासुद्धा मनाई केली होती.

एका सकाळी मी शेडवर गेलो तर विमानातून नुसते दोन पाय वर आलेले.

"भाऊ?"

"हाव."

"काय करून राह्यले?"

"काई नाई. अडकलो."

सलीमभाईंना फोन केला. ते आले. एकानं खांदे धरले, एकानं कंबर. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. किटली खाली ठेवून त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"कोन्या शहान्यानं बनवलं हे? बनवताना एकदा तरी इचार केला का त्यानं, का उद्या दुरुस्त करा लागलं तं मानसानं हात कुठून घालावा?"

 पेडलजवळून आवाज आला, "मीच बनवलं वो!"

बाहेर काढल्यावर ते बराच वेळ सतरंजीवर पडून होते. मी म्हटलं, "भाऊ, यापुढं खाली मी जाईन, तुम्ही फक्त सांगा." ते छताच्या पत्र्याकडं पाहत म्हणाले, "नाई प्रकाश. ज्याच्या मांगं माहा सोताचा हात पोचत नाई, त्याच्या भरवशावर मी कोनाले वर पाठवनार नाई. आता पॅनल माह्याकडं आलं पाह्यजे. मी त्याच्याकडं जानार नाई."

आम्हाला वाटलं, दुखण्यात बोलतायत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पॅनल काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं!

*

नेमकी त्याच दिवसांत बाजार समितीची निवडणूक लागली. मी चहाच्या टपरीवर कुणाशी तरी बोलून गेलो होतो की शरदभाऊ नवीन पॅनल करतायत. बस्स.

तिसऱ्या दिवशी शेडसमोर पांढरी गाडी थांबली. एक पुढारी उतरले, मागं दोन कार्यकर्ते.

"शरदभाऊ, आयकलं का तुम्ही नवं पॅनल उभं करून राह्यले?"

शरदभाऊ पॉलिश पेपर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "हाव. जुनं काढून टाकलं. काई कामाचं नव्हतं."

बाजार समितीतलं जुनं पॅनल या पुढाऱ्यांचंच होतं! त्यांचा चेहरा उतरला. "मंग नव्यात कोन कोन घेतलं?"

"अजून ठरलं नाई. जागा कमी हाये. पन एक नक्की, जो चुकीचं दाखवते त्याले ठेवत नसतो."

"अन् बाकीचे?"

"बाकीचं काय, पॅनल उघडं पाह्यजे. कोनालेई कवाबी आत हात घालता आला पाह्यजे. बंद पॅनलच्या आत काय जळून राह्यलं ते बाहेर कसं समजन?"

पुढाऱ्यांनी चहा मुकाट्यानं घेतला. गाडीत बसता बसता मात्र ते मनापासून म्हणाले, "भाऊ, तुमचे इचार लय चांगले हायेत. पन खरं सांगू का? असं पॅनल पडते!"

गाडी गेली. शरदभाऊंच्या चेहऱ्यावर काळजी. हातातला कागद ठेवून ते बिजागऱ्या निवडत बसलेल्या सलीमभाईंकडं वळले.

"सलीम, आपला कब्जा मजबूत हाये ना बे?"

*

पॅनल कसं उघडायचं, हे ठरवायला आम्ही फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पॅनल बनवलं. वहिनींच्या डब्यांची झाकणं ठेवून गोल काढले. हा वेगाचा, हा उंचीचा, हा तेलाचा. मग तो पुठ्ठा विमानात धरून बसायचं.

खाली कब्जा लावून मांडीवर पाडलं, तर मधल्या दांड्याला अडतं, आणि विमान तर त्या दांड्यानंच चालवायचं. वर उघडलं तर काचेला लागतं. बाजूला उघडलं तर शेजारच्याच्या कोपरात. शेवटी सलीमभाईंनी तोड काढली. किचन ट्रॉलीसारखं पॅनल आधी वीतभर पुढं सरकायचं आणि मग वरची कड आपल्याकडं झुकायची. दांडा मोकळा, काच मोकळी, आणि बसल्या जागी मागचं सगळं समोर!

आम्ही खूश. शरदभाऊंनी वहिनींना म्हटलं, "बसून पाहा बरं."

वहिनी बसल्या. एकेका गोलावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "हे टोकाचं कायचं हाये?"

"पेट्रोल बंद करायची चावी."

"माहा हात पोचत नाई."

"तुले कुठं चालवायचं हाये?"

"मले नाई चालवायचं," वहिनी म्हणाल्या, "पन तुमचा हात आज पोचते. उद्या खांदा धरला तं? दिवाळीत माळ्यावरचा डबा काढता नाई आला तुमाले. मीच काढला."

 दुसऱ्या दिवशी आलो तर शरदभाऊंनी उजवा हात गमछ्यानं छातीशी बांधून घेतलेला, आणि पुठ्ठ्यासमोर बसून एका डाव्या हातानं सगळी बटणं गाठायचा प्रयत्न चाललेला. त्यांचा घामाघूम चेहरा पाहून सलीमभाईंनाही थट्टा सुचली नाही. मग आम्ही तिघांनीही आळीपाळीनं एकेक हात बांधून बसून पाहिलं. खरंच सांगतो, एक हात नसला की साधी पाटी किती लांब जाते, ते कागदावरच्या मापात कळत नाही. चावी मध्ये आली. दोन काटे खाली सरकले. पॅनलची आखणी पुन्हा पहिल्यापासून झाली.

"आता पोचते का?" शरदभाऊंनी वहिनींना विचारलं.

"पोचते. पन माहा काय संबंध!"

*

पॅनल बंद राहावं म्हणून काय लावायचं, हे काम सलीमभाईंनी स्वतःकडं घेतलं. एक दिवस आम्हाला शेडबाहेर उभं केलं. "अभी आने का नई," म्हणाले. मग बोलावलं.

काय सुंदर काम! बोटानं जरा ढकललं की टक्! पॅनल बंद. जरा ओढलं की उघडं. ना स्क्रू, ना पाना. महागड्या कपाटाच्या दारासारखं. शरदभाऊंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. उघड-बंद करण्यात आमचा अर्धा तास गेला.

मग मी होकायंत्र बसवलं. शेडचं दार उत्तरेला आहे, हे आम्हाला ठाऊक. पण काटा काही दाराकडं जाईना. डावीकडं वळून ठाम उभा. विमानाची शेपटी उचलून दिशा बदलली, तरी काटा तिथंच.

सलीमभाईंचा चेहरा पांढरा पडला. कारण त्या टक् आवाजाच्या मागं कपाटाला लावतात तसं लोहचुंबक होतं!

ते खाली बसून चुंबकं काढायला लागले. चार दिवस राबून केलेलं काम. शरदभाऊ त्यांच्या शेजारी स्टुलावर टेकले. "सलीम," ते म्हणाले, "मी पन इतका वेळ उघड-बंद करून पाह्यलं. मले होकायंत्राची आठवन आली का?"

"तुम्हाले आली नाई, मले आली नाई," सलीमभाई काट्याकडं बोट दाखवत म्हणाले, "त्याले बरोबर आली!"

पुढं चुंबक चिकटत नाही असे स्क्रू मिळाले. पाव फेरा फिरवला की सुटतात, पाव फेऱ्यात बसतात. आजही तेच आहेत. टक् आवाज मात्र गेला. सलीमभाईंना त्याची अजून हळहळ वाटते.

*

वायरिंग माझं. आमच्या धंद्यात सरळ, ताणलेली, काटकोनात वळलेली वायर म्हणजे कारागिराची सही! मी तसंच केलं. शरदभाऊंनी पॅनल ओढलं. दोन बोटं पुढं आलं आणि थांबलं. वायरींनी मागून धरून ठेवलेलं.

"सुंदर हाये," शरदभाऊ म्हणाले, "पन याले घराबाहेर पडता येत नाई."

सगळं सोडून प्रत्येक वायरीला मोकळा वळसा ठेवून पुन्हा बांधलं. तोही जास्त ठेवून चालत नाही, नाहीतर दांड्यात गुंतायची भीती. किती सैल आणि किती बांधलेलं, यात आठवडा गेला. त्याच आठवड्यात माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. बायको म्हणाली, दिवसातून तीनदा फोन करत जाऊ नका. मी एकदाच करायला लागलो.

*

आता जरा गंभीर.

इंजिन सुरू करून पाहायचे दिवस होते. विमान शेडसमोर, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. शरदभाऊ सीटवर, मी आणि सलीमभाई पंखाच्या मागं. संध्याकाळी थोडा थोडा वेळ आम्ही इंजिन चालवायचो. दोन-तीन दिवस छान चाललं होतं.

त्या दिवशी एकाएकी इंजिन बंद झालं. शरदभाऊंनीच बंद केलं होतं. त्यांचा एक हात वर. पेट्रोल बंद, मुख्य स्विच बंद. मी आग विझवायचं सिलिंडर घेऊन धावलो. धूर नव्हता, पण प्लास्टिक जळाल्याचा वास स्पष्ट येत होता.

"उतरा भाऊ!" मी ओरडलो.

ते उतरले. थोडं थांबून, काही पेटत नाही हे पाहून, पुन्हा चढून बसले. पाव-पाव फेरा फिरवून स्क्रू सोडले, पॅनल ओढलं, झुकवलं, आणि मागचं सगळं त्यांच्या पुढ्यात आलं. कंबर वाकली नाही, डोकं खाली गेलं नाही. पॅनल ज्यावर सरकतं त्या चॅनलच्या धारदार कडेवर एक वायर घासून उघडी पडली होती. जुन्या पॅनलमागं ती कुणाला दिसली असती? वर गेल्यावरच दिसली असती.

शरदभाऊंनी ती वायर दोन बोटांत धरली.  "आज खाली झालं," ते एवढंच म्हणाले. सलीमभाईंनी कानस घेतली आणि पॅनलची एकूणएक कड गोल करायला बसले.

 तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "हा वास मले परवापासून येऊन राह्यला होता. तुम्हीच म्हने, वरन लागलं असन!"

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये नियम झाला. वास कुणालाही येवो, कसलाही येवो, आधी पॅनल उघडायचं. मग वरण पाहायचं.

*

बटणांच्या नावाच्या पट्ट्या आम्ही बालाजी मंदिराजवळ स्टीलच्या भांड्यांवर नावं टाकणाऱ्या काकांकडून कोरून घेतल्या. अक्षर मोत्यासारखं. एक पट्टी कोरी ठेवायला सांगितली होती, कारण एक बटण पुढच्या सोयीसाठी नुसतं बसवून ठेवलेलं. काकांना कोरी पट्टी परत द्यायचं जिवावर आलं. आयुष्यभर ताटं-तांब्यांवर जे कोरलं तेच त्यांनी तिच्यावर कोरलं, "श्री".

वहिनी म्हणाल्या, राहू द्या.

पुढं विमान खात्याचे साहेब तपासणीला आले. मितभाषी माणूस. त्यांनी पॅनल स्वतः उघडलं, मागं प्रत्येक वायर पाहिली, बंद केलं. मग, लहान मुलासारखं, पुन्हा एकदा उघडलं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मग त्यांनी एकेक बटण विचारायला सुरुवात केली. हे कशाचं, ते कशाचं. शेवटी बोट थांबलं.

"आणि हे? श्री?"

शरदभाऊ खोटं बोलत नाहीत. "साहेब, ते कशालाच जोडलेलं नाही."

"जोडलेलं हाये साहेब," मागून सलीमभाई म्हणाले, "वायर दिसत नाई, एवढंच!"

 साहेबांनी ते बटण ऑन केलं आणि पुढच्या तपासणीला लागले.

*

परवानग्या, कागद, पुन्हा तपासण्या, यात बराच काळ गेला. शेवटी ट्रकमधून विमान शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर नेलं. मीनलमॅडम नावाच्या एक निवृत्त फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आल्या आणि त्यांनी ते उडवलं. हो, उडालं! आधी नियमाप्रमाणे कितीतरी दिवस त्या एकट्याच उडवत होत्या. मग एका सकाळी उतरल्यावर म्हणाल्या, "आता शेजारी एक जण बसू शकतो. कोण येतंय?"

आम्ही सगळ्यांनी शरदभाऊंकडं पाहिलं. उतरताना बसणारा दणका त्यांच्या मणक्यांना चालणार नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगितलं होतं. ते आम्हाला ठाऊक होतं, त्यांनाही. तरी पाहिलं.

शरदभाऊंनी कानाला लावायचा हेडफोन वहिनींच्या हातात दिला. "तू जाय."

"मी? माहा काय..." वहिनी म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

विमान वर गेलं. मी आणि सलीमभाई माना दुखेपर्यंत वर पाहत होतो. शरदभाऊ मात्र खाली जमिनीकडं पाहत उभे. ते नुसतं इंजिन ऐकत होते. आवाज लांब गेला, वळला, परत आला. चाकं टेकली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

वहिनी उतरल्या. केस विस्कटलेले. सलीमभाई पुढं झाले, "वहिनी, क्या दिसलं?" वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. सरळ शरदभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले, पण आवाजात राग.

"इतकी वर्सं विमानातच नोकरी केली ना तुम्ही? हे असं दिसते म्हनून मले एकदाही सांगितलं नाई?"

शरदभाऊ म्हणाले, "मी कुठं पाह्यलं?"

"म्हंजे? बसले नाई का कदी?"

"बसलो ना. मालाच्या विमानात, पोटात, सामानासंगं. खिडकी नव्हती."

 वहिनींनी पंखाच्या सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, शरदभाऊंना दंडाला धरून तिच्यात बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसल्या.

"आयका," त्या म्हणाल्या. "आधी शेतातले शेडनेट दिसतात. पांढरे. मले वाटलं, कोनं एवढी धोतरं वाळू घातली. मंग हिरी, पान्यानं भरलेल्या. एकेक हिर अशी चमकते... डोळे मिटा ना, मी सांगून राह्यली तं."

शरदभाऊंनी डोळे मिटले.

आम्ही बाजूला झालो. मीनलमॅडमनी घड्याळ पाहिलं. ऊन चढायच्या आत त्यांना आणखी एक फेरी मारायची होती. त्या हळूच म्हणाल्या, "विमान काढायचं ना?"

"थांबा मॅडम," सलीमभाई म्हणाले, "भाऊ आत्ताच वर गेले."